पत्र्याचं भांडं : सेनेत धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या तरुणांना खुलं पत्र

सेनेत धर्मगुरू म्हणून भरती होणाऱ्या तरुण मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

आमच्या आळीतल्या एका मुलाने धर्मगुरूच्या जागेसाठी अर्ज भरला आहे. पदवीधर आहे, संस्कृतात शास्त्री झालेला आहे, आवाज खणखणीत. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले हे त्याला ठाऊक होतं, म्हणून घरी आला आणि विचारू लागला, "काका, पलटणीत पंडितजी नेमकं काय करतात? पूजा, आरती, सणवार हे समजलं. पण लढाई लागली, की मग काय?"

वडील आता नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट मी त्याला सांगितली. ती ऐकून तो गेला खरा, पण अंथरुणावर पडल्यावर मला वाटत राहिलं, की आपण पोराला अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं अर्धं माझ्या मते पार कोरियात, यालू नदीच्या काठी, एका युद्धकैद्यांच्या छावणीत आहे. ते त्याला आणि त्याच्यासोबत तुम्हा सगळ्यांनाच सांगावं म्हणून हे पत्र.

तुम्ही भरतीची जाहिरात वाचली असेल. नायब सुभेदाराचा हुद्दा, वयाची अट, शिक्षणाची अट, हे सगळं पाठ झालं असेल. त्यात कामाचं स्वरूप दिलेलं असतं, ते मात्र पुन्हा एकदा सावकाश वाचा. धर्मस्थळातले विधी आणि प्रवचन हे तर आहेच. त्याशिवाय अंत्यविधीला हजर राहणं आहे, इस्पितळातल्या आजाऱ्यांची सेवा आहे, बरे होत असलेल्यांसोबत बसून प्रार्थना करणं आहे, शिक्षा भोगत असलेल्या जवानांना भेटणं आहे, त्यांच्या बायकामुलांची विचारपूस आहे. ज्याने कोणी ही यादी केली, त्याला हे काम आतून कळलेलं होतं. तुमची निवड झाली, की पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि भिक्षू एकत्र शिकतील, एका मेसमध्ये जेवतील. तिथे मोकळ्या वेळात एकमेकांना सांगायला तुमच्याकडे एक माणूस असावा असं मला वाटतं. त्याचं नाव फादर एमिल कपॉन.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पिल्सन नावाचं एक छोटंसं खेडं आहे. बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या भागातून गेलेल्या शेतकऱ्यांनी वसवलेलं. तिथे २० एप्रिल १९१६ रोजी एका शेतकरी घरात एमिलचा जन्म झाला. घरात चेक भाषा, पोटापाण्याला गहू आणि गुरं. या मुलाने पुढे जे काही केलं, त्यातलं निम्मं तो शेतावर शिकला होता, हे माझं मत. हातात असेल त्या वस्तूने मोडलेलं सांधायचं, तारेने बांधायचं, पत्रा ठोकून सरळ करायचा, ही शेतकऱ्याच्या पोराची विद्या. ती कुठल्याही सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकवत नाहीत.

९ जून १९४० रोजी त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि नेमणूक झाली थेट आपल्याच गावच्या चर्चमध्ये. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४४ मध्ये तो अमेरिकन सैन्यात चॅप्लेन म्हणून, म्हणजे तुम्ही ज्या पदावर जाणार आहात त्याच तऱ्हेच्या पदावर, दाखल झाला. आणि इथे आपला त्याच्याशी पहिला धागा जुळतो : एप्रिल १९४५ ते मे १९४६ फादर कपॉन भारत-ब्रह्मदेश आघाडीवर होते. पांगलेल्या तुकड्यांना गाठायला जीपने नाहीतर विमानाने ते महिन्याला कधीकधी दोन हजार मैलांपर्यंत फिरत. युद्ध संपल्यावर घरी गेले, शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. १९४८ मध्ये ते पुन्हा सैन्यात आले. १९५० च्या सुरुवातीला जपानमध्ये आठव्या कॅव्हलरी रेजिमेंटवर होते आणि जुलैमध्ये कोरियाच्या किनाऱ्यावर उतरले.

कोरियाच्या युद्धात कोण बरोबर आणि कोण चूक, या वादात मला शिरायचं नाही. धर्मगुरूला तो वाद सोडवायचाही नसतो. त्याच्यासमोर जो माणूस पडलेला असतो, त्याच्यापासून त्याचं काम सुरू होतं.

त्या उन्हाळ्यात अमेरिकन फौजा मागे रेटल्या जात होत्या. कपॉन यांचा एक फोटो बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो : जीपच्या बॉनेटवर पांढरं कापड अंथरून ते मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, म्हणताहेत आणि समोर एक जवान मातीत गुडघे टेकून बसला आहे. हा फोटो ७ ऑक्टोबर १९५० चा. दुसऱ्या एका फोटोत ते मोडका पाइप हातात धरून हसताहेत. लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजाने तो त्यांच्या तोंडातून उडवला होता. जीप हातची गेली तेव्हा त्यांनी एक सायकल मिळवली आणि आघाडीवर ते सायकलने फिरू लागले. ऑगस्टच्या सुरुवातीला कुमचोनजवळ, मशिनगनचा मारा चालू असताना, त्यांनी मागे राहिलेल्या जखमीला आणलं, त्याबद्दल ब्राँझ स्टार हे पदक मिळालं. हे सारं मी भरभर सांगतो आहे, कारण शौर्य आपल्याला नवीन नाही. मला सांगायचं आहे ते पुढे आहे.

आणखी एक नाव मात्र इथे घेतलंच पाहिजे. १६ जुलै १९५० रोजी, कुम नदीजवळच्या माघारीत, तीसेक जखमींना डोंगरातून पुढे नेणं अशक्य झालं. फादर हर्मन फेलहोल्टर नावाच्या चॅप्लेनने सोबतच्या डॉक्टरला निघून जायला लावलं आणि स्वतः जखमींपाशी थांबले. उत्तर कोरियाचे सैनिक आले आणि प्रार्थना करत असलेल्या त्या धर्मगुरूला त्यांनी जखमींसह मारलं. चॅप्लेनकडे शस्त्र नसतं. १९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार तो युद्धकैदी धरला जात नाही, कैद्यांची सेवा करता यावी म्हणून त्याला त्यांच्यात राहू द्यायचं असतं. कागदावर असं आहे. प्रत्यक्षात काय होऊ शकतं हे जाणून मगच माणसाने त्या वाटेला जावं.

आता १ नोव्हेंबर १९५० ची रात्र. उत्तर कोरियातलं उनसान. कॅथलिकांच्या पंचांगात हा सर्व संतांचा दिवस, कपॉन यांनी त्या दिवशी मिस्सा म्हटली होती. रात्री चिनी फौजांनी चहूबाजूंनी हल्ला केला. तिसरी बटालियन वेढली गेली. ज्यांना निसटता येत होतं त्यांना निसटण्याचा हुकूम झाला. कपॉन यांना सांगणारेही भेटले, की फादर, चला. ते गेले नाहीत. ते जखमींना ओढून ओढून एका खंदकासारख्या आसऱ्यात गोळा करत राहिले. दुसऱ्या दिवशी शत्रू अगदी दाराशी आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या जखमींमध्ये एक जखमी चिनी अधिकारीही पडला आहे. त्याला त्यांनी बोलतं केलं आणि त्याच्याकरवी बाहेर निरोप पाठवला, की आतले लोक शरण येताहेत, गोळीबार थांबवा. हातात कोणतंही बळ नसताना, फक्त समोरच्याला माणूस समजून घडवून आणलेला हा तह.

त्यांना कैद करून नेत होते. रस्त्याकडेच्या चरात हर्बर्ट मिलर नावाचा एक सार्जंट पडला होता, घोटा मोडलेला. एक चिनी सैनिक त्याच्या डोक्याला बंदूक लावून उभा. कपॉन आपल्या रांगेतून सरळ चालत बाहेर पडले, त्या सैनिकाची बंदूक हाताने बाजूला सारली, वाकले, मिलरला उचललं आणि पाठीवर घेऊन चालू लागले. तो सैनिक बघतच राहिला. त्याने गोळी का झाडली नाही, हे मिलरलाही आयुष्यभर कळलं नाही. वाटेत मिलर म्हणत होता, मला खाली ठेवा. खाली ठेवलं तर तुला मारतील, एवढंच उत्तर. थकले की त्याला खांद्याचा आधार देऊन एका पायावर चालवायचे, थोडा दम आला की पुन्हा उचलायचे. गोठलेल्या रस्त्यांवरची ती चाल कित्येक मैलांची होती. मागे पडेल त्याला गोळी, हा नियम. कपॉन चालता चालता इतरांना सांगत होते, की जखमींना उचला, आणि काही जण, जे आधी मान खाली घालून पुढे जात होते, ते खरोखर उचलू लागले.

याच दोन दिवसांसाठी, १ आणि २ नोव्हेंबरसाठी, अमेरिकेने त्यांना आपलं सर्वोच्च पदक दिलं, मेडल ऑफ ऑनर. दिलं कधी, तर ११ एप्रिल २०१३ रोजी. बासष्ट वर्षांनी. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ते त्यांच्या पुतण्याच्या हाती दिलं. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये छावणीतून वाचलेले म्हातारे सोबती बसले होते, मिलरही होते. त्या पदकाच्या मानपत्रात लढाईतल्या शौर्याचा उल्लेख आहे आणि तो योग्यच आहे. पण मी पुन्हा पुन्हा विचार करतो तो पदकातल्या दोन दिवसांनंतरच्या साडेसहा महिन्यांचा.

यालूच्या काठी प्योकतोंग नावाचं गाव आहे. तिथे कैद्यांना झोपड्यांतून कोंबलं होतं. तो हिवाळा शून्याच्या खूप खाली गेलेला. अंगावर उन्हाळी कपडे. खायला मूठभर भरडा मका, नाहीतर राळ्यासारखं धान्य, अर्धवट शिजलेलं, पोट फाडून काढणारं. हगवण सगळ्यांना. उवा एवढ्या, की अशक्त माणसाचं उरलंसुरलं रक्त त्याच पीत. कोरियात पकडल्या गेलेल्या ७,१४० अमेरिकन सैनिकांपैकी २,७०१ कैदेत मेले, आणि त्यांतले बहुतेक या पहिल्या हिवाळ्यातले. कित्येक विशीतली पोरं आजाराने मरण्याआधीच मनाने मरत. तोंड भिंतीकडे करून पडायचं, खाणं सोडायचं, आणि एकदोन दिवसांत संपायचं.

अशा ठिकाणी धर्मगुरूकडे काय असतं? वेदी नाही, मिस्सेचा द्राक्षरस नाही, भाकर नाही, घंटा नाही. कपॉन यांच्याकडे होता गळ्यात घालायचा जांभळा पट्टा, मरणाऱ्याच्या कपाळाला लावायच्या तेलाची छोटी डबी आणि हात.

त्यांनी पडक्या घराच्या छपराचा पत्रा काढला आणि दगडाने ठोकून ठोकून त्याची भांडी केली. असली भांडी, ज्यात बर्फ वितळवून पाणी उकळता येईल. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, चोरून आणलेल्या लाकडांवर पाणी उकळायचं आणि झोपडीत जाऊन पडलेल्या माणसांना गरम पाणी पाजायचं. उकळलेलं पाणी पोटात गेलं तर हगवण आवरते, माणूस जगतो. एवढं साधं गणित. त्या छावणीत ज्यांनी ते मनावर घेतलं, त्यांत सगळ्यात पुढे एक पाद्री होता.

मग कपडे. हगवणीने भरलेले कपडे. जी माणसं उठू शकत नव्हती, त्यांचे घाण झालेले कपडे ते उतरवून न्यायचे, गोठलेल्या पाण्यात बर्फ फोडून धुवायचे, परत आणून घालायचे. ज्यांना हात उचलवत नव्हता त्यांच्या उवा ते एकेक करून वेचायचे. आपलं घड्याळ देऊन त्यांनी एक ब्लँकेट मिळवलं आणि ते कापून सोबत्यांच्या पायांसाठी मोजे केले.

आपल्याकडे गाडगेबाबा गावात आले, की आधी हातात खराटा घेत. दिवसभर गाव झाडून काढल्यावर रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यामुळे त्यांच्या कीर्तनातला देव लोकांना खोटा वाटला नाही. कॅन्ससच्या त्या शेतकऱ्याला गाडगेबाबा हे नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण आपल्या माणसांना कपॉन पटकन समजतात ते यामुळेच, असं मला वाटतं.

आणि चोरी. हो, धर्मगुरू चोरी करत होते. रात्री पहारेकऱ्यांच्या कोठारातून धान्य, मिळेल ते. येशूच्या शेजारी क्रुसावर चढवलेल्या पश्चात्तापी चोराला, दिस्मसला, ख्रिस्ती परंपरेत संत मानतात. कपॉन आधी त्याची प्रार्थना करायचे आणि मग चोरीला निघायचे. आणलेलं सगळ्यांसमोर ठेवायचे. गंमत म्हणून मी हे लिहीत नाही. ते पकडले गेले असते तर मारले गेले असते. आणि त्यांचं पाहून, ज्यांनी स्वतःपुरतं लपवून ठेवलं होतं त्या कैद्यांनीही आपापल्या पुरचुंड्या बाहेर काढल्या. भुकेल्या माणसाला वाटून खायला लावणं ही कुठल्याही प्रवचनाने न होणारी गोष्ट आहे.

अधिकारी आणि साधे सैनिक यांना वेगवेगळं ठेवलेलं. कपॉन अधिकाऱ्यांच्या वाड्यातून रात्री निसटून सैनिकांच्या झोपड्यांत जायचे. घाईघाईत एक प्रार्थना म्हणायचे, एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि पुढच्या झोपडीत. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू, देवच न मानणारे, कोण कुठला हे विचारायला वेळ नव्हता आणि त्यांना गरजही वाटत नव्हती. कैद्यांना जबरदस्तीने राजकीय व्याख्यानांना बसवत. तिथे देवाची टिंगल होई. कपॉन शांतपणे, आवाज न चढवता उत्तर देत. त्याची शिक्षा म्हणून कपडे काढून त्यांना थंडीत तासन्‌तास उभं केलं गेलं. परत आल्यावर ते पुन्हा पाणी उकळायला बसले.

मित्रांनो, तुमच्यातल्या ज्यांनी मंत्र पाठ केले आहेत, आयती पाठ केल्या आहेत, गुरबाणी कंठस्थ आहे, त्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. प्रार्थनेला तिथेही मोल होतं. २५ मार्च १९५१ रोजी ईस्टरचा रविवार आला. बंदी असतानाही कपॉन यांनी पहाटे गळ्यात जांभळा पट्टा घातला आणि कैद्यांना घेऊन छावणीतल्या पडक्या चर्चच्या अवशेषांत उभे राहिले. काटक्यांचा क्रूस हातात, लपवून ठेवलेलं प्रार्थनेचं पुस्तक. दुखावलेल्या एका डोळ्यावर पट्टी, दाढी वाढलेली, अंगात काही उरलेलं नाही. प्रार्थना झाली आणि सगळे गाऊ लागले, इतक्या मोठ्याने, की लांबच्या झोपड्यांत पडलेल्यांनाही ऐकू गेलं. पहारेकऱ्यांचं धाडस झालं नाही थांबवायचं. पण मला सांगा, त्या पहाटे ती माणसं त्यांच्यामागे का उभी राहिली? त्यांतले कित्येक त्यांच्या पंथाचेही नव्हते. हिवाळाभर त्या हातांनी त्यांना पाणी पाजलं होतं, त्यांचं हगणं धुतलं होतं. म्हणून त्या तोंडची प्रार्थना त्यांना आपली वाटली.

ईस्टरनंतर त्यांचं शरीर मोडत गेलं. पायात रक्ताची गुठळी, मग हगवण, मग न्यूमोनिया. सोबत्यांनी त्यांना लपवलं, सेवा केली, ते थोडे सावरलेही. नेमके सावरत असताना पहारेकरी आले आणि म्हणाले, इस्पितळात न्यायचं आहे. त्या इस्पितळाला कैदी मरणघर म्हणत. तिथे ना औषध, ना पाणी. सोबती आडवे पडले, हातापाया पडले, उपयोग झाला नाही. मग त्यांनी स्वतःच स्ट्रेचर उचललं. रडणाऱ्यांना कपॉन सांगत होते, की मी नेहमीच जिथे जायचं म्हणत होतो तिथे चाललो आहे, तिथे पोचलो की तुम्हा सगळ्यांसाठी प्रार्थना करीन. नेणाऱ्या पहारेकऱ्यांसाठीही त्यांनी क्षमा मागितली. २३ मे १९५१ रोजी, पस्तीस वर्षांचे असताना, ते गेले. अंत्यविधी कोणी केला नाही. ज्याने इतक्यांच्या कपाळाला शेवटचं तेल लावलं, त्याच्या कपाळाला कोणी लावलं नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती मला या साऱ्या कथेत सर्वांत जास्त हलवते. कपॉन गेल्यानंतर त्या छावणीत जेराल्ड फिंक नावाचा मरीन वैमानिक कैदी म्हणून आला. ज्यू होता. त्याने फादर कपॉन यांना कधी पाहिलंही नव्हतं. छावणीत जो तो त्यांच्याबद्दलच बोलत होता, ते त्याने ऐकलं. आणि या ज्यू माणसाने हाती लागलेल्या ओबडधोबड हत्यारांनी, महिनोन्‌महिने खपून, लाकडाचा एक मोठा क्रूस कोरला. त्यावर येशू, आणि डोक्यावरचा काट्यांचा मुकुट तारेचा. १९५३ मध्ये सुटका झाली तेव्हा कैद्यांनी तो क्रूस मिरवत बाहेर आणला. आज तो कॅन्ससमधल्या विचिटा शहरात कपॉन यांचं नाव असलेल्या शाळेत आहे.

आणि हाच तो काळ, जेव्हा आपली माणसं तिथे पोचली. घरी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक, मुख्यतः चिनी आणि उत्तर कोरियाच्या, कैद्यांची राखण करण्याचं काम भारताकडे आलं होतं. १९५३ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय राखणदलाने त्या निर्लष्करी पट्ट्यात तळ टाकला. दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरचे. कैदी म्हणजे सौद्याचा जिन्नस नव्हे, त्याला मन आहे आणि त्याचं ऐकलं पाहिजे, ही कसोटी आपल्या जवानांनी तिथे रोज दिली. एकीकडे त्या क्रुसासह बाहेर पडणारे हडकुळे लोक आणि दुसरीकडे छावणीच्या तारेबाहेर पहारा देणारे आपले जवान, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९५४ मध्ये उत्तर कोरियाने काही अवशेष परत केले. त्यांत कपॉन होते, पण ओळख पटली नाही. हवाई बेटांवरच्या लष्करी दफनभूमीत ते 'अज्ञात' म्हणून विसावले. मार्च २०२१ मध्ये तपासणीतून ओळख पटली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विचिटाच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना आणून ठेवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रोमने त्यांना 'पूजनीय' ठरवलं, संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी. संतपदासाठी चमत्कारांची तपासणी होते. ती त्यांची रीत आहे, मी तिचा आदर करतो. तुम्ही त्यांना संत माना असं मात्र मी म्हणत नाही. तुमच्यापैकी मौलवी होणाऱ्याने किंवा ग्रंथी होणाऱ्याने ते मानावं, ही अपेक्षाही नाही. ते पत्र्याचं भांडं तेवढं लक्षात ठेवा.

तुमच्याकडे माझं मागणं दोन गोष्टींचं आहे.

पहिली. प्रशिक्षणात जे शिकवतील ते मन लावून शिकाच, पण त्यासोबत जखम बांधायला शिका, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायला शिका, आजाऱ्याचं अंथरूण बदलायला शिका. पलटणीत रुजू झालात, की सर्वधर्मस्थळ बघायला जाल. त्याच दिवशी वॉर्डमध्येही जा. तिथल्या नर्सिंग असिस्टंटला विचारा, मी काय उचलू? सोवळं-ओवळं, हा आपला, तो परका, हे घरून घेऊन आला असाल तर ते स्टेशनवरच ठेवून या. याबाबतीत मी कठोर बोलतो आहे याची मला जाणीव आहे. पण अंगावर दुसऱ्याची घाण येईल म्हणून जो मागे सरतो, त्याला जवान ओळखतात, आणि मग त्याच्या आरतीला उभे राहतात ते केवळ हुकूम म्हणून.

दुसरी गोष्ट माझ्या घरची आहे. कपॉन आपल्याला ठाऊक आहेत ते त्यांच्या सोबत्यांमुळे. छावणीतून सुटून आलेल्या माणसांनी पहिल्या दिवसापासून त्यांचं नाव घेतलं आणि साठ वर्षं ते घेत राहिले. वर्तमानपत्रांना सांगितलं, खासदारांना पत्रं लिहिली, मिलर वयाच्या ऐंशी-पंच्याऐंशीतही भेटेल त्याला ती चराची गोष्ट सांगत होते. आपल्या पलटणींमध्ये असे धर्मगुरू झाले नसतील का? मला खात्री आहे, झाले. मी एकाला ओळखतो, म्हणजे ओळखत नाही.

आळीतल्या मुलाला सांगितली ती हीच गोष्ट. वडील तेव्हा उंचावरच्या एका चौकीवर होते. बर्फात पाय बधिर झाले होते, बोटं काळी पडत चालली होती, आणि हवामानामुळे खाली नेता येत नव्हतं. रसद घेऊन येणाऱ्या तुकडीबरोबर पलटणीचे पंडितजी वर आले होते, सणाचा प्रसाद द्यायला. त्यांनाही तिथेच अडकावं लागलं. त्यांनी वडिलांचे बूट सोडले, मोजे काढले, स्वतःच्या कोटाची बटणं उघडली आणि वडिलांचे दोन्ही पाय आपल्या पोटाशी धरून रात्रभर बसून राहिले. वडील सांगायचे, त्या रात्री पंडितजींनी एकही मंत्र म्हटला नाही. घरी म्हशी किती, दूध किती देतात, वैरण कुठून आणता, वासराला काय नाव ठेवलं, हेच विचारत राहिले. मला झोप लागू देत नव्हते, असं वडील म्हणायचे. वडिलांच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली. बाकीच्या आठ बोटांवर ते पुढे चाळीस वर्षं शेतात हिंडले.

त्या पंडितजींचं नाव वडिलांना ठाऊक नव्हतं. सगळे नुसतं पंडितजी म्हणत. वडील गेल्यावर मी त्यांच्या दोन सोबत्यांना गाठून विचारलं, त्यांनाही आठवलं नाही. मनीऑर्डरी लिहून द्यायचे, एवढं एकाने सांगितलं.

तेव्हा रुजू झाल्यावर पलटणीतल्या जुन्या लोकांना विचारा, निवृत्त होऊन गावी गेलेल्यांना पत्रं टाका, तुमच्या आधी त्या जागेवर कोण होतं, त्याने काय केलं, आणि वहीत लिहून ठेवा. नाव, गाव, साल, एवढं तरी. वडिलांच्या पंडितजींबद्दल मला माहीत आहे ते असं : गढवालकडचे होते, हिंदी बोलत, उंची बेताची, आणि म्हशींची त्यांना चांगलीच पारख होती. कोणाच्या कानावर काही आलं, तर कृपया कळवा.

आपला,
एका मराठा हवालदाराचा मुलगा